नळ्या स्वच्छ आहेत

हृदयाच्या रक्तवाहिन्यांत तार घालून फोटो काढण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. फोटो चांगला आला की रुग्णाच्या खांद्यावर थोपटायचं आणि म्हणायचं, "नळ्या स्वच्छ आहेत. टेन्शन घेऊ नका." बावीस वर्षांत या वाक्याने मला कधी दगा दिला नाही. निदान परत येऊन कोणी तसं सांगितलं नाही.

मग ताई आली. माझी थोरली बहीण, शिवणकाम करते. मशीनवर बसल्या बसल्या तिच्या छातीत कळ आली होती. रक्तात वाढलेला एक घटक सांगत होता की हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे. आपल्या माणसाला दुसऱ्याच्या हाती कशाला द्या, म्हणून तार मीच घातली. नळ्या लख्ख.

"काही नाही गं, टेन्शन घेऊ नकोस."

"मग रक्तात वाढलंय ते काय?"

"वाढतं कधीकधी."

"कशाने?"

मी घड्याळ पाहिलं. उत्तर नसलं की मी घड्याळ पाहतो, फार कामात असल्यासारखं दिसतं.

दुसऱ्या दिवशी घरी सोडायच्या कागदावर मी 'मानसिक ताण' असं लिहिलं. ताईने तो वाचून घडी घातली.

"वरून शिवण नीट दिसली म्हणून मी कपडा गिऱ्हाइकाला देत नाही. उलटा करून बघते. तू बघितलंस?"

मला राग आला. एवढं शिकलेल्या माणसाला ही शिकवणार? केवळ तिला खोटं पाडायला मी हृदयाचा एमआरआय सांगितला. ती घाबरू नये म्हणून मी स्वतः आत जाऊन तिला झोपवून आलो; तिथल्या चुंबकामुळे किल्ल्या, घड्याळ आधीच बाहेर काढून ठेवलं होतं.

पडद्यावर स्नायूच्या कडेला पांढरा डाग होता. नळी तुंबलेली नसतानाही अटॅक येऊन गेला होता. असं होतं, हे पुस्तकात आहे. ते पान मी विद्यार्थ्यांना शिकवतो. हिला मी एकही गोळी न देता घरी पाठवणार होतो.

बाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी बसलो. "अटॅकच होता, ताई. चुकलं माझं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हसत होती. "बरं झालं बाई. कालपासून वाटत होतं, मीच नाटकं करतेय."

मग नाक पुसून म्हणाली, "आधी किती जणींना असं घरी पाठवलंस रे?"

सवयीने मी मनगट वर केलं. घड्याळ नव्हतं.