पावलाला बोटभर

एकोणीसशे त्र्याऐंशी साल. गावामागचा डोंगर आम्ही त्या साली खणला, आणि त्याच साली मी माझ्या धाकट्या जावेशी असं वागले की पुढे कुणी विचारलं तर मी विषय बदलायची. आता विचारणारी माणसंही फारशी उरली नाहीत, म्हणून सांगून टाकते.

डोंगर अगदी बोडका होता. पाणी माती घेऊन खाली पळायचं आणि अर्धा उन्हाळा सरायच्या आत विहिरी तळ दाखवायच्या. शहरातून एक मोजणीवाला आला. हडकुळा, सतत चष्मा पुसणारा. म्हणाला, डोंगराला आडवे चर खणा, एका पातळीत. पाणी चरात थांबेल आणि तिथेच मुरेल. घरटी एक माणूस श्रमदानाला यायचं ठरलं. पातळी आखायला त्याने एक लाकडी घोडी करून दिली. दोन लांब पाय, मधे आडवी पट्टी, वरून लोंबणारा दोरा आणि दोऱ्याला दगड. दोरा पट्टीवरच्या खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे खुंटी ठोकायची आणि पुढे सरकायचं.

आम्हा दहा बायकांना त्याने तीन दिवस शिकवलं. सगळ्यांत आधी मला आलं. ही माझी फुशारकी नाही, तो स्वतःच म्हणाला होता. आणि चौथ्या दिवशी घोडी त्याने धाकटीच्या हातात दिली.

"तुमचं काम चोख आहे," मला म्हणाला, "पण तुमच्या जाऊबाई चारजणींना सांभाळून घेतात."

मी कुदळ उचलली.

धाकटी माझ्याहून सात वर्षांनी लहान. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड चूल पेटवता येत नव्हती, ते मी शिकवलं. पुढे आमच्या चुली वेगळ्या झाल्या. आता सगळा गाव तिला मास्तरीणबाई म्हणू लागला. जेवताना आमचे हेही म्हणाले, "धाकटीने आज दीडशे खुंट्या ठोकल्या म्हणे."

"खुंट्या ठोकायला काय अक्कल लागते?"

"मग तू का नाही ठोकत?"

मी अर्धं ताट तसंच उचलून मोरीत नेलं.

दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, घोडीचा एक पाय दगडांत अडकून चिरला. सुताराने तिथल्या तिथे नवा बसवला. पाय बदलला की खूण नव्याने काढायची, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. शेजारच्या दगडावर मी चहा पीत बसले होते. नवा पाय जुन्यापेक्षा बोटभर लांब आहे हे मला बसल्या जागेवरून दिसलं. धाकटीने जुन्याच खुणेवर दोरा आणला. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दुकानवाली मावशी म्हणाली, "चला मास्तरीणबाई, तुमच्यावाचून डोंगर अडलाय." सगळे हसले. धाकटीही लाजून हसली. मी तोंड मिटलं आणि चहा संपवला.

त्यात तिने घाईपोटी एक सवय लावून घेतली होती. घोडी माणसासारखी चालवायची असते, एकदा हा पाय पुढे, एकदा तो. तशी चालवली तर एका पावलाची चूक दुसरं पाऊल खाऊन टाकतं. ही मात्र घोडी उचलायची आणि सरळ पुढे ठेवायची. त्यामुळे लांब पाय कायम पुढेच. पावलाला बोटभर उतार, म्हणजे शंभर पावलांत बाईच्या उंचीइतका. डोळ्यांना तो कळत नाही, पण पाण्याला कळतो. चरात थांबायचं सोडून ते टोकाकडे धावलं असतं आणि चर फोडून खालच्या शेतांत शिरलं असतं.

माझा हिशोब साधा होता. शनिवारी मोजणीवाला तपासायला येईल, चूक पकडेल, तिला तोंडघशी पाडेल, आणि घोडी माझ्या हातात येईल. तोवर फार तर दोन-चार चर वाया जातील. पण शनिवारी निरोप आला की तो तापाने पडलाय, पुढल्या आठवड्यात येईल. खणणं काही थांबलं नाही. चाळीस माणसं खणत होती आणि त्यांत मीही होते. दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडतो म्हणतात. मी तर तो हाताला फोड येईपर्यंत खणला.

बुधवारी दुपारी धाकटी माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "जाऊबाई, रेघ कुठेतरी कलतेय असं वाटतं. कुणाला बोलू नका, तुम्हीच एकदा बघता का? तुमच्याइतकं इथे कुणाला कळतं?"

तेवढ्यावर मी विरघळायला हवं होतं. पण मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कलणार नाही तर काय? पाय बदललास, खूण बदललीस का?"

कुदळी थांबल्या. मी घोडी घेतली, दोन खुंट्यांवर उभी केली, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा उभी केली. दोरा भलतीकडेच गेला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

"पाय तर गेल्या मंगळवारी बदलला," मावशी म्हणाली.

"हो."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"मला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

बोलून गेले आणि मग ऐकलं, आपण काय बोललो ते. मावशीने स्वतःचे तळहात उघडून पाहिले. कुणीतरी खाली थुंकलं. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आलाय असं दिसतच नव्हतं, नुसती गोंधळलेली होती.

"पण जाऊबाई," ती म्हणाली, "तुम्हीही खणत होतात की."

मी घोडी खाली ठेवली. ती परत घे असं मला कुणी म्हटलं नाही. धाकटीने खूण नव्याने काढली, दोनदा तपासली. मोजणीवाला आल्यावर त्याने कललेल्या चरांत दर सात हातांवर मातीची आडवी भिंत घालायला सांगितलं, म्हणजे पाणी धावणार नाही. त्या भिंती मी घातल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आणि कुणी माझ्या शेजारी बसायलाही आलं नाही.

भिंती टिकल्या. पुढल्या उन्हाळ्यात विहिरींना शेवटपर्यंत पाणी राहिलं.

मोजणीवाला पुढे मोठ्या हुद्द्यावर गेला आणि निवृत्तीनंतर दोन वर्षांत वारला. सुताराने गाव सोडलं. मावशी माझ्याशी सहा वर्षं बोलली नाही. मग एकदा उधारीवर साखर दिली, तेव्हा कळलं की राग गेला. आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली. ते त्या गोष्टीबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. धाकटीने आसपासच्या तेवीस गावांचे डोंगर आखले. तिचा सत्कार झाला तेव्हा भाषणात म्हणाली, "घोडीची खूण मला माझ्या जाऊबाईंनी शिकवली." सभेने टाळ्या वाजवल्या. मी घरी आले आणि दार लावून रडले. ती टोमणा मारत नव्हती, हे मला ठाऊक होतं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

आता आम्ही दोघीच उरलोय. तिचे गुडघे गेलेत, काठीशिवाय चालवत नाही. माझे अजून ठीक आहेत. रोज संध्याकाळी तिच्या घरापर्यंत चालत जाते, आणि खरं सांगायचं तर ती ओट्यावर बसलेली दिसली की जरा भरभरच चालते.