सोनेरी गरुड आणि तालाचा उपास

मित्रांनो, मी एक जुनं, कोपरे मऊ पडलेलं कार्ड आहे. माझ्यावर टीव्हीच्या मालिकेतला सोनेरी गरुड आहे. मनिलाच्या छापखान्यात आम्हा शेकडो कार्डांना एकाच मोठ्या कागदातून कापून काढलं. कागद तोच, शाई तीच. मला तेवढा सोनेरी मुलामा दिला, आणि माझ्यासारखी मुद्दाम मोजकीच छापली. मग रोज मालिकेच्या शेवटी गरुड मुलांना विचारू लागला, "मी आहे का तुझ्याकडे?"

इलोइलो शहरातल्या एका शाळेत, दुसरीतल्या तालाने विकत घेतलेल्या कार्डांच्या पाकिटातून मी निघालं. तिच्या घराशेजारची लिगाया सहावीत होती. ती म्हणाली, "या एका कार्डाच्या बदल्यात दहा कार्डं देते, वेडे! दहा जास्त की एक?"

ताला बोटं मोजून हसली. मी लिगायाच्या खिशात गेलं.

तिथे माझा काय थाट! "ए, लांबून बघ! घामट हात लावू नकोस!" लिगाया इतर मुलांना बजावायची, आणि मी फुशारून जायचं.

तालाला तिची चूक वर्गातल्या मुलांनी हसत हसत सांगितली. ती रडली नाही. सकाळच्या न्याहारीच्या आणि मधल्या सुट्टीतल्या जेवणाच्या पैशांतून ती पाकिटं घेऊ लागली. पाकिटात दुसरा सोनेरी गरुड निघेना.

"जेवलीस का गं?" लिगायाने विचारलं.

"भूक नाही, ताई."

लिगायाची बोटं खिशात माझ्यावर घट्ट झाली. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी सकाळी झेंड्यासमोरच्या रांगेत ताला कोसळली. डोकं फरशीवर आपटलं. तिच्या दप्तरातून साधी कार्डं विखुरली.

"बाळा, डोळे उघड!" शाळेच्या दवाखान्यात नर्सबाई हाका मारत होत्या. ताला हलेना. दाराशी उभ्या लिगायाच्या मुठीत मी चुरगळत होतं.

बऱ्याच वेळाने पापण्या हलल्या. तोवर तालाची आई, रोसालिंदा, धावत आली होती.

"मावशी, मी फसवलं हिला," लिगाया म्हणाली. "ही जेवत नव्हती, तेही मला माहीत होतं."

"चार दिवस बघत राहिलीस?"

लिगायाने मान खाली घातली आणि मला तालाच्या उशाशी ठेवलं. तालाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ताई, भात मिळेल?"

लिगाया धावत सुटली.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. मला पुन्हा छापता येतं. पाकीट फोडण्याआधी मात्र स्वतःला विचारा: हे खरंच दुर्मीळ आहे, की कुणी मुद्दाम दुर्मीळ ठेवलंय? मला ते हवंय, की हवंसं वाटायला लावलंय? आणि उत्तर सापडेपर्यंत, आधी पोटभर जेवून घ्या.