मार खाण्यातच माझा जन्म गेला

मित्रांनो, एखाद्याच्या कामात कुणी खोडा घातला की लोक म्हणतात, ‘त्याने पाचर मारली.’ ते ऐकून मला वाईट वाटते. मी स्वतः लाकडाची एक जुनी पाचर आहे, आणि मारली गेले ती नेहमी काम अडू नये म्हणूनच.

मला घडवले झाडे तोडणाऱ्या एका मिस्त्रींनी. त्यांनी कठीण लाकडाचा तुकडा वर्षभर सावलीत वाळवला, मग तासून एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ केला. झाड ज्या बाजूला पाडायचे तिथे मिस्त्री आधी खाच घेत आणि मग मागून करवत चालवत. झाडाचा भार मागे आला की फट मिटते आणि करवत जागीच अडकते. म्हणून काप चार बोटे आत गेला की ते मला फटीत ठोकत. ओल्या लाकडातून मी निसटू नये म्हणून आधी माझ्या अंगाला कोरडी माती चोळत. ‘हे माझं तिसरं लेकरू,’ असे ते म्हणत, आणि मी फुलून जात असे.

मिस्त्री गेले. त्यांचा धाकटा मुलगा, ज्याला सगळे भाऊ म्हणतात, त्याने यंत्राची करवत आणली. सोबत दोन लोखंडी पाचरी आल्या. माझी रवानगी टेम्पोच्या चाकाखाली झाली. उतारावर टेम्पो घसरू नये म्हणून मी चिखलात पडून राहायची. भाऊच्या थोरल्या बहिणीला, ताईला, माझी कीव येई. ती दोर सांभाळायची आणि शेंड्यावर नजर ठेवायची.

एकदा शिंपीणबाईंच्या घरामागचे वाळलेले झाड पाडायचे होते. ते घराकडेच किंचित झुकलेले होते. आत त्यांचे सासरे अंथरुणाला खिळलेले.

“आजोबांना आधी बाहेर आणू या,” ताई म्हणाली. “आणि ती लाकडी पाचर काढून ठेव.”

“दहा मिनिटांचं तर काम. झाडाला कळायच्या आत पडेल ते,” भाऊ म्हणाला.

ताईने शेंड्याला बांधलेला दोर मोकळ्या जागेतल्या दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला आवळला. भाऊने करवत सुरू केली. अर्ध्यावर झाड मागे बसले. फट मिटली आणि करवत बंद पडली. दोर ताठ होऊन करकरू लागला. शेंडा आता थेट कौलांवर होता. शिंपीणबाई मागचापुढचा विचार न करता घरात धावल्या. “मामंजी एकटे आहेत,” एवढेच त्या म्हणाल्या.

भाऊचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने लोखंडी पाचर उचलली, पण ताईने त्याचा हात धरला. “अजून दोन बोटं कापायचंय. करवतीची फिरती साखळी लोखंडावर आपटली तर तुटेल. मग काय करशील?”

ती धावत टेम्पोकडे आली. चाकाखाली दगड सरकवूनच तिने मला ओढून काढले. एवढ्या घाईतही ती टेम्पोला विसरली नाही, हे मी विसरणार नाही. तिने माझ्या अंगाला माती चोळली आणि मला करवतीच्या मागे फटीत धरले.

भाऊ हातोड्याने घाव घालू लागला. इतकी वर्षे चिखलात काढल्यावर मी टिकेन का, याची मला खात्री नव्हती. डोक्याची एक ढलपी उडाली. तरी मी केसभर आत सरकले, मग आणखी केसभर. करवत मोकळी झाली. भाऊने ती पुन्हा सुरू केली. साखळीचे दात मला लागले, माझ्या अंगात बोटभर चर पडला, पण साखळीला काही झाले नाही. आणखी चार घाव बसले आणि झाड मोकळ्या जागेकडे कलले. ते धाडकन पडले तेव्हा मी गवतात उडाले होते.

खोलीतून आजोबांचा आवाज आला, “पडलं वाटतं. सूनबाई, खिडकी उघड. कित्ती वर्षांनी उजेड येईल.”

शिंपीणबाईंनी खिडकी उघडली. त्या हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. भाऊ मटकन खाली बसला.

“ताई, पुढच्या वेळी आधी सांगत जा गं.”

“आधीच सांगितलं होतं.”

“मग मोठ्यानं सांग,” तो म्हणाला, आणि दोघांनाही हसू आले. माझाही जीव भांड्यात पडला.

भाऊने मला गवतातून शोधून स्वतःच्या बाहीने पुसले. आता मी हत्यारांच्या पेटीत, कोरड्या फडक्यात असते. घाव खाऊन माझे डोके फुलले की तो ते तासून सारखे करतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे जुने अवजार कोपऱ्यात पडले असेल. त्याला पुसा, वाळवा, जागेवर ठेवा. मार खाण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्यासाठीच तर मला घडवले. फक्त मला वेळेवर हाक मारा. आधी बोलावले असते, तर त्या दिवशी दोन घावांत काम झाले असते, आणि शिंपीणबाईंना घरात धावावे लागले नसते.