अंगठ्याखालची जागा

मित्रांनो, मी अंगठ्याएवढं एक लाल बटण आहे. माझा रंग कडेकडेने उडाला आहे, आतली स्प्रिंगही थोडी कुरकुरते. पण केंटकीच्या डोंगरांत लॉरेल फोर्क नावाची जी दोन-दोन गाड्यांच्या सरळ शर्यतीची धावपट्टी आहे, तिथे आजही मला पाहायला माणसं वाकून गाडीत डोकावतात.

माझं काम छोटं आहे. शर्यतीची गाडी रेषेवर उभी राहिली की चालक मला दाबून धरतो. मी दाबलेला असेपर्यंत गिअरबॉक्स जखडलेला राहतो. इंजिन कितीही गरजलं तरी गाडी तसूभर हलत नाही. मला सोडलं, की ती सुटते. या सोयीला तिकडे ट्रान्सब्रेक म्हणतात.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईंनी मला शंभरदा दाबून पाहिलं, मगच खोक्यात ठेवलं. त्या खोक्यातून मला बाहेर काढलं हॉबर्ट टॅकेटने. कोळशाचे ट्रक दुरुस्त करणारा हा माणूस हाताचा फार पक्का, आणि मताचा त्याहून पक्का. त्याची थोरली बहीण वर्ना आठवडाभर शाळेची बस चालवायची आणि शनिवारी वडिलांची निळी गाडी पळवायची. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचं जुनं बटण गिअरच्या दांड्याच्या डोक्यावर होतं, म्हणून हॉबर्टने मलाही तिथेच बसवलं.

मे महिन्यातला तो शनिवार मी विसरू शकत नाही. वर्नाने मला सोडलं आणि गाडी सुसाट निघाली. दुसरा गिअर पडला. हात दांड्यावरून काढताना तिचा तळवा माझ्यावर पडला आणि धावत्या गाडीचा गिअरबॉक्स मी जखडला. मागची चाकं जागीच अडकली. गाडी आडवी होऊन डाव्या भिंतीकडे घसरत गेली. स्टीअरिंगवर वर्नाचा एकच हात होता. गाडीचा पत्रा भिंतीला घासत गेला, त्याचा आवाज माझ्या अंगातून गेला. वर्ना वाचली. पट्ट्याने खांदा मात्र काळानिळा झाला.

"या बटणानेच घात केला," हॉबर्ट म्हणाला. त्याने मला उपटून काढलं आणि गंजक्या नटबोल्टांच्या डब्यात फेकलं.

त्या डब्यात मी पाच आठवडे पडून होतो. मित्रांनो, लोक आपल्याला नावं ठेवतात याचं दुःख असतंच. पण आपल्यामुळे कुणाला लागलं, हे त्याहून जास्त सलतं.

एका रविवारी वर्ना गॅरेजमध्ये आली. खांदा अजून आखडलेला होता. तिने मला शोधून काढलं, पुसलं, दोन तारा जोडून एका दिव्याशी लावलं. दाबलं की दिवा लागे, सोडलं की विझे. तिने वीसेक वेळा करून पाहिलं.

"हॉबर्ट, बटणात काही खोट नाही. जागा चुकली."

"बाबांनी सोळा वर्षं त्याच जागेवरून गाडी सोडली."

"बाबांचा पंजा केवढा होता, आठव. त्यांची बोटं दांड्याला खालून वेढा घालायची. माझा हात वरून पडतो."

"म्हणजे मीच तुला भिंतीवर घातलं म्हणतेस?"

"तसं म्हणायचं असतं तर दवाखान्यातच म्हणाले असते. चल, पट्टे आवळ माझे."

हॉबर्टने तिला गाडीत बसवून पट्टे आवळले. वर्नाने हेल्मेट घातलं, हातमोजे चढवले आणि डोळे मिटून दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले.

"आता माझा डावा अंगठा कुठे आहे, तिथे खूण कर."

खूण स्टीअरिंगच्या आडव्या पट्टीवर, कड्याच्या थोडी आत पडली. तिथे मला दाबायला दोन्हीपैकी एकही हात स्टीअरिंगवरून काढावा लागत नव्हता. हॉबर्टने माझ्याभोवती एक उंच कडं बसवलं, म्हणजे अंगठा मुद्दाम आत घातल्याशिवाय मी दाबला जाणार नाही. टेलिफोनला असते तशी पिळाची वायर लावून त्याने स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवलं. वायर कुठे ताणली नाही, कुठे गुंतली नाही. शेवटी, कुणी न सांगता, त्याने आणखी एक स्विच जोडला. आता पहिला गिअर सुटला की माझ्यापर्यंत वीजच पोचणार नव्हती.

"आता धावत्या गाडीत तू त्याच्यावर कोपराने टेकलीस तरी काही होणार नाही," तो तारांकडे बघतच म्हणाला.

"मला ठाऊक होतं तुला सुचेल."

ऑक्टोबरमध्ये मोसमातली शेवटची शर्यत होती. भर दुपार, डोंगर लालपिवळे झालेले. अंतिम फेरीत वर्नासमोर क्लीट रेमी होता, गेली चार वर्षं जिंकत आलेला.

"मिस वर्ना," तो खिडकीशी येऊन म्हणाला, "तो दिवा हिरवा झाला की निघायचं असतं. पोरं चढायची वाट बघत बसू नका."

"माझी बस वेळेवर निघते, क्लीट. उशिरा येणारे मागे धावतात."

गाड्या रेषेवर लागल्या. वर्नाचा अंगठा माझ्यावर आला, दबला, स्थिर झाला. इंजिनाची थरथर माझ्या स्प्रिंगपर्यंत पोचली. समोरच्या खांबावरचे दिवे एकामागून एक लागले: पिवळा, पिवळा, पिवळा. अंगठा सुटला.

गाडीचं नाक वर उचललं गेलं. अर्ध्या वाटेवर मागचं चाक जरा सरकलं आणि गाडी डावीकडे ओढू लागली, पुन्हा त्याच भिंतीकडे. पण या वेळी दोन हात स्टीअरिंगवर होते. वर्नाने किंचित उजवीकडे घेतलं, गाडी सरळ झाली. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पायही उचलावा लागला नाही. शेवटच्या रेषेवर क्लीटच्या गाडीचं नाक आमच्या दाराशी होतं.

जिंकलो, मित्रांनो. हॉबर्ट पट्टीच्या कडेने धावत आला. वर्ना हेल्मेट काढून एवढंच म्हणाली, "सरळ आली रे. बाण जावा तशी."

थोड्या वेळाने क्लीट रेमी टोपी हातात घेऊन आला. त्याने मला खालून, वरून, बाजूने न्याहाळलं. "हॉबर्ट," तो म्हणाला, "पुढच्या रविवारी माझ्या बायकोची गाडी आणू का तुझ्याकडे? तिचं बटणही दांड्यावर आहे."

त्या हिवाळ्यात हॉबर्टने अकरा गाड्यांची बटणं हलवली. प्रत्येक वेळी आधी चालकाला पट्टे आवळून बसवलं, मगच हत्यार हातात घेतलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या छोट्या वस्तूंना घाईने कुठेही ठोकून देऊ नका. जिच्या हाती गाडी द्यायची, तिचा हात कुठे विसावतो ते आधी पाहा. आमची वायर, आमची स्प्रिंग दर शर्यतीआधी तपासा. एवढं केलंत, तर तुमच्या अंगठ्याखाली आम्ही जिवाला जीव देऊ आणि तुमची माणसं टोप्या उडवत तुम्हाला घरी नेतील.