पोटातली गोळी, रांजणातली गोळी

मी नागुबाई, औशाजवळच्या उपकेंद्रातली नर्स. लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं न्हाई तोच दुष्काळानं गाठलं. विहिरी आटल्या, टँकर सुरू झाले, अन् त्या पाण्यापाठोपाठ गावात रक्ताची आव आली.

तवा नव्या जिल्हा ऑफिसातल्या डॉक्टरसाहेबांनी आम्हा नर्सांना लातूरला बोलावून दोन तास शिकवलं. जंतूच्या आत डीएनएचा पीळदार धागा असतो म्हणे. जंतूला वाढायचं तर पीळ सोडवायला धागा कापून परत जोडावा लागतो. आवेवर द्यायची, कारखान्यात बनवलेली नवी गोळी नेमकी तिथंच चिकटते, कापलेला धागा जुळूच देत न्हाई, अन् जंतू मरतो. पण गोळ्या कमी पडल्या तर जंतू तगतो, वरून निर्ढावतो. साहेबांनी सुतळी कापून दाखवली. मला लई आवडलं, खोटं कशाला बोलू!

गावात गुरम्माकाकूची सून नीलाबाई आजारी पडली. मी त्याच वीस गोळ्यांची पुडी दिली. दिवसाला चार, पाच दिवस. तिसऱ्या दिवशी बघायला गेले तर पोरीचे डोळे खोल गेलेले, उठायचं बळ न्हाई, रक्त तसंच.

"काकू, गोळ्या दिल्या का?"

"हाव की. पहिल्याच दिवशी समद्या रांजणात टाकल्या. नऊ माणसं तेच पाणी पिऊन राहिलो."

माझं डोकंच फिरलं. "अवं काय केलं हे! ती पोटात घ्यायची गोळी हाय!" असं मी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल इतकी वरडले.

तेवढ्यात साहेबांची जीप तपासणीला आली. सगळं ऐकून ते हसले. "अडाणी लोक! सिस्टर, अहवालात लिहा, पेशंटनं औषध नीट घेतलं नाही."

गुरम्माकाकू रडली न्हाई. माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, गेल्या आठवड्यात तुम्हीच अशाच कागदात पांढऱ्या गोळ्या दिल्या. रांजणात टाका म्हणला. मी टाकल्या. आता ही येगळी हाय, हे सांगितलं का?"

न्हाई सांगितलं. पाणी शुद्ध करायची गोळी अन् ही, दोन्ही मीच पेपर फाडून बांधलेल्या. छापील पाकिटं जिल्हा फुटायच्या आधीच्या जुन्या ऑफिसात अडकलेली. अन् दोन तासांत साहेबांनी धागा, पीळ, सुतळी समदं सांगितलं, पण कोणती पुडी कशी ओळखायची, हे बाईमाणसाला कसं सांगायचं, यावर एक शब्द न्हाई. मला लाज वाटली, अन् त्याहून जास्त संताप आला.

"साहेब, हिला जीपमधी घ्या. लातूरला सलाईन लावा."

"जीप तपासणीसाठी आहे."

"मग ही मेली तर अहवालात तुमचं अन् माझं, दोघांचं नाव लिहिते. गल्ली साक्षीला हाय."

साहेबांनी दारात जमलेल्या बायामाणसांकडं पाहिलं अन् मागचं दार उघडलं. आम्ही नीलाबाईला उचलून आत आडवी केली, काकू तिच्या उशाला बसली. दहाव्या दिवशी पोर आपल्या पायानं घरी आली.

जीप लातूरला गेली त्याच दिवशी मी अहवाल भरायला घेतला. 'औषधाचा गुण न येण्याचं कारण' असा रकाना होता. मी लिहिलं, 'नर्सनं सांगितलं नाही. नर्सला कुणी सांगितलं नाही.' अन् खाली ठसठशीत सही ठोकली.