उजव्या हाताचे मोजे

पहिली थप्पड बसली तेव्हा प्रोग्रामरचा चष्मा उडाला. दुसरीला तोंडात रक्ताची चव आली.

"वीस वर्षं या प्रेसवर काढली माझ्या भावाने! आणि तुम्ही लिहिता, हात त्यानेच घातला?" पत्रा दाबायचं यंत्र चालवणाऱ्या प्रेसवाल्याचा धाकटा भाऊ ओरडत होता. कारखान्यातल्या चौघांनी त्याला ओढून बाहेर नेलं.

अपघाताच्या चौकशीच्या कागदावर तसंच लिहिलं होतं खरं: कामगाराचा निष्काळजीपणा. मालकांची सही झाली होती, प्रोग्रामरची तेवढी बाकी होती. प्रेसवाल्याचा हात गेलाच होता, ती झाली की नोकरीही जाणार होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसून प्रेस हलवणारं मॉड्यूल, प्रोग्रामचा एक तुकडा, प्रोग्रामरने स्वतः लिहिलेलं. सुरू होताना आधी सुरक्षा-जाळी लागली आहे का ते बघायचं, मगच प्रेसला मोकळीक द्यायची, असा त्याचा बेत. सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मग मालक म्हणाले, "स्क्रीनवर ही बडबड कशाला?" आणि त्याने 'मॉड्यूल सुरू होत आहे' एवढंच छापणारी एक गरीब ओळ काढून टाकली. तिसऱ्या दिवशी संगणक सुरू होत होता, प्रेसवाला जाळी उघडून पत्रा सरळ करत होता, आणि चाळीस टनांचं धूड त्याच्या मनगटावर उतरलं.

ओठ पुसून प्रोग्रामरने साच्यावर भुसा भरलेला हातमोजा ठेवला. जाळी उघडी. ओळ परत घालून शंभर वेळा संगणक सुरू केला, मोजा शाबूत. ओळ काढली. एकतिसाव्या वेळी धाडकन प्रेस कोसळली, मोज्याची बोटं फाटली आणि भुसा त्याच्या तोंडावर उडाला.

ओळ छापायला जो क्षण लागायचा, त्यात जाळीची खबर पोचत होती. तो क्षण गेला आणि प्रेस आधी सुटली. खबर येईपर्यंत थांबायचं त्याने लिहिलंच नव्हतं, क्रम त्यानेच चुकवला होता. ओळीने सहा महिने त्याचं पाप झाकलं होतं.

"योगायोग आहे हो," आवाज ऐकून आलेले मालक म्हणाले. "गुपचूप सही करा."

"पुन्हा दाखवतो." पण होता तो मोजा फाटला होता.

दारात प्रेसवाला उभा होता. कपाटातलं सामान न्यायला आला होता. उजव्या मनगटापाशी पट्टी संपत होती.

"चूक माझी आहे," प्रोग्रामर म्हणाला. "तुमचा हात मी तोडला."

"ऐकलं मी."

प्रेसवाल्याने कपाटातून नव्या मोज्यांचे जोड काढले आणि दातांनी दोरे तोडून वेगळे केले.

"हे घ्या. उजवेच घ्या, डावे मला लागतील. आणि मालकांना जवळ उभं करा."

प्रोग्रामर मोज्यात भुसा भरू लागला. एकेक बोट, पार टोकापर्यंत.