मुंग्यांचा कौल

पंच्याऐंशी साली बोरगावात मुंग्या न्याय करतात अशी हूल उठली, आणि पार मोहगावपासून लोक बैलबंड्या जुंपून पुंडलिकरावांच्या संत्र्याच्या बागेत जमले.

झालं होतं एवढंच, की पुंडलिकरावांच्या मधपेटीतल्या माश्या एकाएकी पेटी सोडून गेल्या होत्या. गावात मुक्कामाला असलेले महाराज म्हणाले, घरात कोणाचा तरी पायगुण वाईट आहे, म्हणून देवीच्या माश्या रुसल्या. कोणाचा, ते मुंग्या सांगतील.

घरात बायका तीनच. पुंडलिकरावांची बायको केसरबाई, त्यांची जाऊ यमुना आणि नवी सून इंदू. पुंडलिकरावांनी बजावलं होतं, कौल सुनेवर आला तर ती संध्याकाळच्या बसनं पांढुर्ण्याला माहेरी जाईल, कायमची. आणि महाराजांचा राग होता तो इंदूवरच. ते विकत असलेला 'देवीचा मध' चाखून ती विहिरीवर म्हणाली होती, हा तर गुळाचा पाक आहे.

महाराजांनी तिघींच्या तळहातांवर अंगारा चोळला. "मुंगी देवीची पोलीस आहे," ते गरजले. "तिला वशिला चालत नाही, वकील चालत नाही, लाच तर नाहीच नाही."

झाडाच्या बुडाशी मुंग्यांची रांग होती. तिघींनी तिथं हात टेकवले. केसरबाई आणि यमुनेच्या हातांना मुंग्या वळसा घालून गेल्या. इंदूच्या तळहातावर मात्र बघता बघता काळी दाटी झाली. लोकांनी हात जोडले. पुंडलिकराव सुनेची ट्रंक आणायला घराकडे वळले.

केसरबाईंचा लग्नापासूनचा नेम होता, तुळशीजवळच्या मुंग्यांना साखरपीठ घातल्याशिवाय घास घ्यायचा नाही. आरतीच्या कापराचा हात तसाच राहिला, तर मुंग्या त्या पिठाकडे फिरकत नाहीत, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. त्यांनी आपला तळहात हुंगला. कापूर. मग इंदूचा हात झटकून अंगाऱ्याला जीभ लावली.

"गोड लागून राहिला," त्या हळूच म्हणाल्या. "महाराज, आमच्या दोघींले तुम्ही उजव्या हातानं लावला, इंदूले डाव्या. तो डावा हात ठेवा बरं खाली."

महाराजांना एकाएकी स्नानाची वेळ आठवली. यमुनेनं त्यांचं मनगट धरून डावा हात टेकवला. मुंग्या चढल्या.

"तुमची पोलीस गुळाची लाच घेते, बाप्पा," यमुना म्हणाली, आणि बाग हसण्यानं दणाणली.

पुंडलिकराव ट्रंक हातात घेऊन उभेच. "मग माश्या काऊन गेल्या?"

केसरबाईंनी मधपेटीकडे पाहिलं. पेटीखालच्या घडवंचीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत होते. खालून मुंगी चढणं शक्य नव्हतं. पण फळांनी लवलेली एक फांदी थेट झाकणावर टेकली होती, आणि मुंग्यांची रांग तिच्यावरून पेटीत शिरत होती. मध गेला, अळ्या गेल्या. माश्या राहतील कशाला? ती फांदी तोडा म्हणून इंदूनं सांगितलं होतं. फळं वाया जातील म्हणून सासऱ्यांनी ऐकलं नव्हतं.

"माहा नेम मी सोडणार नाही," केसरबाई नवऱ्याला म्हणाल्या. "देवीले मी रोज पाहतो, ती लेकीबाळीच्या हातावर मुंग्या सोडत नाही. कोणावर बोट ठेवायच्या आधी माणसानं रांग कुठून येते तेवढं तरी पाहावं."

पुंडलिकरावांनी ट्रंक स्वतःच घरात नेऊन ठेवली, आणि येताना कोयता घेऊन आले.